चिडाच्या बनातला ‘कचरा’ आणि भरताची चूल : मालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या पाइनच्या बनाबद्दल तुम्ही टाकलेला रिव्ह्यू वाचला. आमचा माणूस घरच्यांसमोर तुमच्यावर ओरडला, ते चुकलंच. मनापासून माफी. पिण्याच्या पाण्याचा नळ बंद होता हेही खरं, त्याचं बघतोय.

पण "60 रुपये घेतात आणि पाइनच्या बनात झाडूसुद्धा मारत नाहीत, नुसता कचरा" हे फार लागलं. भाऊ, तो कचरा नाही. चिडाच्या, म्हणजे आपल्या बनातल्या पाइनच्या, सुया (सुईसारखी पानं) आहेत आणि मुद्दाम ठेवल्या आहेत. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, भेगेत बारीक मुळं तुटतात. सुयांचा 3 इंच थर असला की ओल धरून राहते, भेगा कमी पडतात. झाडूने ओढलं तर वरवरची तंतुमुळं उघडी पडतात. फक्त खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवतो, नाहीतर पावसाळ्यात बुंध्याची साल कुजते. "इथे तेवढं झाडलंय" म्हणून तुम्ही फोटो टाकलात, ती हीच जागा.

आता चूल. तुम्ही बामणोदची वांगी आणि तुराट्या घेऊन थेट बनातच तीन दगड मांडलेत. खान्देशात भरताला कोण नाही म्हणेल? पण या सुयांत राळ असते. उत्तराखंडात त्यांना पिरूल म्हणतात, तिथले उन्हाळी वणवे याच थरातून पसरतात. तुराटी तडतडते, ठिणगी उडते, वर दुपारचा वारा. खालच्या फांद्या 10 फुटांपर्यंत काढल्यात, तरी जमिनीवरची आग बुंध्याला धरतेच. चुलीसाठी विहिरीजवळ सिमेंटचा ओटा आहे, बनापासून 100 फूट, शेजारी वाळूच्या बादल्या. त्याचे पैसे घेत नाही, फाटकावरच्या पाटीवर तसं लिहिलंय. ओटा दाखवला तर "तिथे सावली नाही" म्हणालात. ते मात्र बरोबर होतं.

राहिलं "रोमसारखी छत्री कुठे?" रोमचा छत्री पाइन, म्हणजे वर छत्रीसारखा घेर धरणारा, वेगळा. त्याच्या जुडीत 2 सुया, आपल्या चिडाच्या जुडीत 3. त्याला हिवाळ्यात पाऊस आणि निचऱ्याची जमीन मानवते, आपल्याकडे सगळं उलटं. शिवाय तिथल्या झाडांनाही तो घेर धरायला काही दशकं जातात. म्हणूनच आम्ही पाटीवर "इटालियन पद्धतीची मांडणी" लिहिलंय, इटालियन झाडं नव्हे.

ओट्यावर शेडनेट टाकायचं ठरवलंय, सुयांची माहितीही बनात लावू. पुन्हा या, वांगी आणा, तुराट्या आमच्याकडून. तारे कितीही द्या, तेवढा ‘कचरा’ शब्द जमलं तर काढा.