पगाराच्या रकान्यात शून्य

सामाजिक संस्था चालवणाऱ्यांसाठी आणि चालवू पाहणाऱ्यांसाठी एक डिप्लोमा आहे, तिथे मी दर शनिवारी शिकवायला जातो. अर्धा वर्ग नुकत्याच एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या मुलामुलींचा, अर्धा कामात केस पिकलेल्यांचा.

परवा बजेट करायला दिलं. ३० मुलांची बालवाडी, एक वर्ष. खाऊ, चटया, खेळणी, भाडं, अगदी फिनेलसुद्धा आलं. बालवाडीताईंच्या मानधनापाशी पेनं जरा अडखळली. आणि हिशेब ठेवणाऱ्याच्या पगारापुढे जवळजवळ सगळ्यांनी शून्य लिहिलं!

शून्यवाल्यांत एक ताई होत्या. २० वर्षं पाड्यांवर काम केलेल्या, पिशवीत व्हाउचरची जाडजूड फाइल. विचारलं, ही कोण लावतं?

"मीच की. रात्री जेवणं आवरल्यावर."

मग त्याचे पैसे?

"ते दाखवले की डोनर म्हणतो, अ‍ॅडमिन खर्च फार आहे. पाच टक्क्यांत बसवा."

हे पाच टक्के सगळ्यांच्या तोंडी आहेत. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, नियमांत ती मर्यादा आहे, खरंय. पण ती कंपनीने स्वतःचा सीएसआर कारभार चालवायला केलेल्या खर्चावर आहे. संस्थेच्या हिशेबनिसाच्या पगाराशी तिचा काही संबंध नाही. कंपनीचा माणूस दडपून सांगतो, आपण मान डोलावतो, कारण नियम दोघांनीही वाचलेला नसतो. परदेशी देणगीचं वेगळं. तिथे २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि ती खरोखर संस्थेवरच आहे. पण तिथेही शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. हे वर्गात किती जणांना ठाऊक होतं? एकालाही नाही. प्रपोजल मात्र सगळ्यांना झकास लिहिता येतं. तो दोष आमचा, शिकवणाऱ्यांचा.

शून्य लिहिलं म्हणून काम शून्य होत नाही. ते कुणाच्या तरी रात्रीतून जातं, नाहीतर राहूनच जातं. माझ्या ओळखीतल्या एका संस्थेत विश्वस्त वारले. ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, द्यायचा असतो, तो कुणाचंच काम नव्हता म्हणून सहा वर्षं राहिला. अनुसूची १ वर, म्हणजे संस्थेच्या तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर, वारलेल्या माणसाचं नाव तसंच, बँकेत सही अडकलेली, आणि मार्चअखेर मंजूर झालेलं अनुदान परत गेलं. काम उत्तम होतं हो त्यांचं.

पगार अ‍ॅडमिन खर्चात दिसू नये म्हणून काही संस्था हिशेबनिसाला 'क्षेत्र समन्वयक' म्हणून दाखवतात. मला ते पटत नाही. पारदर्शकतेवर तास घ्यायचा आणि पहिलाच कागद खोटा करायला शिकवायचं?

ताईंनी बजेट पुन्हा केलं. हिशेबनीस, अर्धवेळ, दरमहा ६,००० रुपये. लिहून झाल्यावर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "सर, हे खोडा म्हणाले तर?"

पुढच्या शनिवारी मी डोनर होणार आहे. ते सहा हजार ताईंनी मला पटवून द्यायचेत.