गुणिले शंभर

मुलगी परदेशी राहायला गेली की आईवडिलांना तिच्या खाण्यापिण्याची काळजी लागते. आमच्याकडे लागली ती खाण्यापिण्याच्या भावाची. लेक-जावई जर्मनीत, श्टुटगार्टला गेले आणि पहिल्याच शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल आला. घर कसं आहे, थंडी फार आहे का, शेजार कसा आहे, हे मी विचारायच्या आत आमच्या ह्यांनी फोन ओढून घेतला आणि विचारलं, "कांदे काय किलो?"

हे विक्रीकर खात्यात होते. 2017 साली जीएसटी आला, पाठोपाठ हे निवृत्त होऊन घरी आले, पण बिलं तपासायची खाज काही निवृत्त झाली नाही. घरात व्यापारी कोणी नाही, म्हणून इतकी वर्षं माझ्या वाणसामानावर भागत होतं. आता एकदम आंतरराष्ट्रीय काम मिळालं. लेकीने जायच्या आधी बाबांना एक्सेल शिकवून ठेवलं होतं, त्यांचा वेळ जावा म्हणून. त्यांचा वेळ छान जातो. माझा जात नाही.

तक्ता असा: वस्तू, श्टुटगार्ट, ठाणे, फरक. युरोचा भाव ह्यांनी सरसकट शंभर रुपये धरला. खरा दर रोज हलतो, पण शंभराने गुणणं सोपं. दोन शून्यं लावली की काम झालं. आणि दोन शून्यं लागली की कुठलीही वस्तू भयंकर दिसायला लागते. जावयांनी सहज सांगितलं की ऑफिसजवळ साडेतीन युरोला कॉफी मिळते. हे उठून उभेच राहिले. "साडेतीनशे रुपयांची कॉफी? अहो, एवढ्यात आम्ही दोघं मामलेदारची मिसळ खाऊन रिक्षाने परत येऊ!" लेक म्हणाली, "बाबा, पण आमचा पगारही युरोतच आहे ना." त्यावर हे शांतपणे म्हणाले, "पगाराचा तक्ता वेगळा. विषय बदलू नकोस."

तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे लेकीची खरेदी शनिवारी संध्याकाळी. आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे, थंडीत साडेचार. म्हणजे ठाण्यात, आमच्या नौपाड्यात रात्री दहा वाजता, जेवणं आटोपून झोपायच्या वेळी, आमच्या घरात जर्मनीचा बाजार भरतो. लेक फोन हातात धरून दुकानातून फिरते आणि हे पलंगावरून हुकूम सोडतात. "थांब, थांब. डावीकडे घे. खालची पाटी दाखव. ती बारीक अक्षरातली." तिकडे फळीवरच्या प्रत्येक पाटीवर वस्तूच्या किमतीखाली किलोचा किंवा लिटरचा भावही लिहावा लागतो. हे ज्या दिवशी ह्यांना कळलं त्या दिवशी जर्मन राष्ट्राबद्दलचा त्यांचा आदर दुणावला. बटाटे एक-सव्वा युरो किलो, दूध युरोच्या आसपास लिटर, आणि भेंडी तुर्की दुकानात सात-आठ युरो. भेंडीच्या आकड्याला दोन शून्यं लावल्यावर आमच्या घरात क्षणभर कोणी बोललं नाही. मग हे गहिवरून मला म्हणाले, "उद्या भेंडी कर."

ठाण्याचा रकाना भरायचं काम माझ्याकडे आलं. ह्यांचे गुडघे दुखतात, आणि भाजीवाल्या ह्यांना भाव सांगत नाहीत, कारण घ्यायच्या आधीच हे पावती मागतात. मी आपली गावदेवीच्या मंडईतून फिरायची, भाव विचारायची, कागदावर टिपायची. शेवटी एक मावशी वैतागून म्हणाली, "बाई, घ्यायचं नसतं तर इचारता कशाला? म्युन्शिपाल्टीतून आलाय का?" तेव्हापासून एक भाव विचारला की पाव किलो घ्यायचं असा नियम मी केला. आमचा फ्रीज उघडला की आता दार बंद होत नाही.

त्यात ह्यांचा आग्रह, की ठाण्याचा भाव म्हणजे ठाण्यातला कमीत कमी भाव; जांभळी नाक्याला जा, तिथे पाच रुपये तरी कमी असतात. मी विचारलं, "रिक्षाचे 26 धरायचे का?" ह्यांनी खूप विचार केला. म्हणाले, "वाहतूक खर्च वेगळा दाखवू. तिचाही बसचा पास आहेच."

सगळ्यात मोठा पेच कोथिंबिरीने घातला. तिकडे एक-दीड युरोला जुडी, आणि जुडी तरी कसली, देवाला वाहायच्या दुर्वांएवढी. इकडे परवा मावशीने भाजी घेतल्यावर पिशवीत मूठभर कोथिंबीर आणि कढीपत्त्याचं टहाळं वरून टाकलं, फुकट. (हल्ली हे दुर्मीळ झालंय हे मलाही माहीत आहे. श्रावणात तीच मावशी चार काड्यांवर हात ठेवून बसते.) मी खरं तेच सांगितलं, ह्यांनी ठाण्याच्या रकान्यात शून्य घातलं आणि टक्केवारी काढायला गेले, तर एक्सेलने चक्क हात वर केले. शून्याने भागता येत नाही म्हणे. हे रात्री उशिरापर्यंत जागे. सकाळी मला म्हणाले, "पुढच्या वेळी तिला निदान एक रुपया तरी दे. हिशेब बसत नाही."

श्टुटगार्टच्या बाजूला काही गोष्टी मात्र निर्विवाद जमा झाल्या. तिकडे पाण्याच्या नाहीतर सरबताच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. म्हणजे बाटलीला पंचवीस रुपये! आमचा भंगारवाला बाटल्यांच्या अख्ख्या पोत्याला तेवढे देताना सुस्कारा टाकतो. दुसरी गोष्ट, लेक ज्या स्वस्त दुकानात जाते त्या आल्डीची कहाणी. एसेन गावात आईचं लहानसं दुकान, दोन भावांनी वाढवलं, आणि 1960 च्या सुमारास काउंटरवर सिगारेटी विकायच्या की नाही यावरून दोघांचं फाटलं. मग वाटणी. उत्तर जर्मनी एकाला, दक्षिण दुसऱ्याला. मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या सासरी देवघरावरून झालं होतं, एवढाच फरक. आणि तिथे वाटायला अर्धा देश नव्हता.

असं सगळं भाजीपाल्यावर चाललेलं बरं होतं. एका शनिवारी लेकीच्या हातातला फोन चुकून बाटल्यांच्या फळीवरून फिरला आणि ह्यांची नजर पाटीवर गेली. "दोन युरो नव्व्याण्णव? कशाचे?"

"वाईन आहे बाबा. लाल."

"अख्खी बाटली?"

"अख्खी."

हे पुन्हा उठून उभे राहिले. तीनशे रुपयांत वाईन आणि आठशे रुपयांत भेंडी! मग जावयांना स्फुरण चढलं. श्टुटगार्ट शहराच्या हद्दीतच टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत. हंगामात तिथले शेतकरी घराबाहेर केरसुणी टांगतात. केरसुणी दिसली की आत त्यांची घरची वाईन मिळते, बसून प्यायला. सरकारचा नियम असा की वर्षातून चार महिने आणि चाळीस खुर्च्या, जास्त नाही. मी म्हटलं, "केरसुणी दाराबाहेर? लक्ष्मी ना ती!" जावई म्हणाले, "आई, ती टांगल्यावरच लक्ष्मी घरात येते." जावयांना उत्तर द्यायचं नसतं, म्हणून मी गप्प बसले.

ह्यांचं लक्ष केरसुणीकडे नव्हतंच. ते कराकडे होतं. रात्रभर वाचून त्यांनी शोधून काढलं की जर्मनीत साध्या वाईनवर उत्पादन शुल्क शून्य आहे; बहुतेक मालासारखा 19 टक्के व्हॅट तेवढा. पण बुडबुडेवाल्या वाईनवर मात्र बाटलीमागे युरोभर कर आहे, आणि तो 1902 साली कैसरने आरमाराला पैसा हवा म्हणून बसवला. ते आरमार 1919 साली त्याच्याच खलाशांनी स्कॉटलंडजवळ समुद्रात बुडवलं. कर मधे काही वर्षं उठला, पुन्हा बसला, आणि आजही आहे. "जहाजं गेली, पण कर राहिला," हे सांगताना ह्यांचा गळा दाटून आला. विक्रीकर खात्यातल्या माणसाला आणखी काय हवं?

आता ठाण्याचा रकाना. परदेशी वाईनचा प्रश्नच नव्हता. तिच्यावर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क, तो आकडा तक्त्यात मावला नसता. नाशिकची घ्यायची ठरली. 2022 च्या जानेवारीत आपल्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटांत वाईनचं कपाट ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. ते झालं असतं तर मी डाळ-तांदूळ घेता घेता मान वळवून किंमत बघितली असती. पण गदारोळ उठला आणि कपाट काही आलं नाही. तेव्हा जायचं ते वाईन शॉपमध्येच. आणि जायचं कोणी? हे म्हणाले, "मला नौपाड्यात सगळे ओळखतात."

मी याच नौपाड्यातल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. मला जणू मुलुंडमध्ये ओळखतात!

जाताना ह्यांनी कायदाही सांगितला. 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन, आणि आजन्म हजार. "म्हणजे दोनशे दिवस प्यायलं की आजन्मचा परवाना वसूल," हे म्हणाले. असा हिशेब घालणाऱ्या माणसाने उभ्या आयुष्यात उसाच्या रसाशिवाय काही प्यायलेलं नाही.

संध्याकाळी सातची वेळ निवडली ती माझी नाही, ह्यांची. गर्दीत कोणी बघत नाही म्हणे. जाळीपुढे माणसांचा घोळका होता, सगळ्यांचे हात जाळीतून आत, आणि 'एक क्वार्टर', 'दोन चिल्ड' अशी घाई. मी मागे उभी राहिले. कोणीतरी वळून बघितलं, आणि एकदम सगळे हात बाहेर आले. "काकूंना पुढे जाऊ द्या." एवढा मान मला बँकेच्या ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेतही मिळालेला नाही. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "नमस्कार बाई." दहावी ब. मागच्या बाकावरचा. टक्कल पडलंय, पण हात पाठीमागे लपवायची पद्धत तीच. मी सवयीने म्हणाले, "काय आहे हातात?" त्याने निमूटपणे दाखवलं.

काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, "वाईन आहे का?" तो गोंधळला. वाईन शॉपमध्ये वाईन मागणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे बहुतेक रोज येत नसावं. त्याने स्टूल आणलं, सगळ्यात वरच्या फळीवरून एक बाटली काढली आणि फडक्याने धूळ पुसली. हजाराला थोडे कमी. मी कागदावर आकडा टिपला आणि आभार मानून निघणार, तर पाठीमागे अख्खी रांग आदराने खोळंबलेली. पंधरा-वीस पुरुषांनी वाट करून दिल्यावर नुसता भाव विचारून परतायचं धाडस मला झालं नाही. शिवाय पाव किलोचा नियम होताच. इथे पाव किलो कसं मागायचं ते सुचेना, म्हणून अख्खी घेतली. मुलाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. गावदेवीपासून जांभळी नाक्यापर्यंत पाचदहा रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, पाचशेच्या दोन नोटा देताना 'काही कमी?' एवढंही विचारलं नाही.

वळले तर समोर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तशीच काळी पिशवी धरून. माझी पिशवी त्यांनी बघितली, त्यांची मी.

"तुम्ही इथे कशा, वहिनी?"

"भाव बघायला आले होते."

"मीही," ते म्हणाले, "भावच बघायला."

त्यांच्या पिशवीत दोन-तीन भाव एकमेकांवर आपटले.

घरी ह्यांनी आधी रकाना भरला. श्टुटगार्ट तीनशे, ठाणे हजार. तक्ता सुरू झाल्यापासून ठाणं पहिल्यांदा इतकं दणदणीत हरलं होतं, आणि ह्यांना ते सहन होईना. "पण आपली चांगली असेल," म्हणाले. मग ते ठरवायला फुलपात्रात दोन-दोन बोटं ओतली. आगळात साखर घालायची राहून गेलेल्या कोकम सरबतासारखी लागली. हे बराच वेळ जिभेवर घोळवत बसले, मग म्हणाले, "कर लागतोय चवीला." उरलेली बाटली भेंडीच्या ढिगामागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. सेक्रेटरी. मेंटेनन्सचं काहीतरी कारण काढून बसले, चहा घेतला, पंख्याकडे बघितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, काल केवढ्याला घेतलीत? मी नंतर विचार करत होतो. दमणला यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते."

ह्यांनी चष्मा लावला. बाहेरची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा कसा आहे, गाडी कशी जप्त होते, दंड किती होतो, हे सगळं त्यांनी सेक्रेटरींना कलमांसकट ऐकवलं. सेक्रेटरींचा चेहरा उतरत गेला. कप खाली ठेवून ते उठायला लागले.

"बसा हो," हे म्हणाले, आणि लॅपटॉप उघडून ठाण्याच्या शेजारी एक नवा रकाना घातला. "दमण. हं, सांगा. काय भाव? आणि पेट्रोल किती लागतं जायला?"