बटाट्याला फुटलेले डोळे

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना मोबाइलपासून लांब ठेवायचा स्वस्तातला उपाय म्हणजे बटाटा, असं जे सांगतात त्यांच्या घरी फरशी कोण पुसतं, हे मला जाणून घ्यायचं आहे. उपाय खोटा नाही. पण मुलं खेळणार वीस मिनिटं आणि मोठ्यांची दुपार जाणार, हा हिशेब आधी मान्य असावा.

खेळायचे आणि खायचे बटाटे आधीच वेगळे काढा. हिरवट पडलेले, कोंब आलेले खेळाकडे. त्यांच्यातलं सोलानिन हे विषारी द्रव्य उकडूनही जात नाही, म्हणून त्यांना भाजीत बढती नको.

ठशांसाठी बटाटा मोठ्या सुरीनं एका दमात कापायचा. करवतीसारखी सुरी मागेपुढे केली की पृष्ठभाग खालीवर होतो आणि ठशाचा मधला भाग कोरा उमटतो. कापलेली बाजू दहा मिनिटं जुन्या सुती कपड्यावर पालथी ठेवा, नाहीतर बटाट्याचं पाणी रंगात उतरतं. लहान मुलांच्या हाती सुरी नको. बिस्किटाचा साचा सेंटिमीटरभर आत दाबायचा आणि बाहेरचा भाग मोठ्यांनी कडेनं कापून काढायचा. पोस्टर कलर पाणी न घालता ब्रशनं लावा. बटाटा रंगात बुचकळला की कागदावर ठसा नाही, थारोळं उमटतं. नावाचा हट्ट होणारच, आणि अक्षरं उलटी कोरावी लागणार. ‘ठ’ उलटा कोरला तरी ठच दिसतो, पण ठ वरून नाव किती मुलांचं असतं?

अमेरिकेत 1952 साली ‘मिस्टर पोटॅटो हेड’ हे खेळणं बाजारात आलं तेव्हा डब्यात नुसतेच डोळे, कान, नाक, मिश्या मिळायच्या. बटाटा ज्याचा त्यानं घरून आणायचा. प्लॅस्टिकचा बटाटा आला 1964 साली. मधली बारा वर्षं सोफ्याखालून मिशीवाले कुजके बटाटे काढणाऱ्या आयांबद्दल मला अतीव सहानुभूती आहे. घरगुती आवृत्तीत बूड सपाट कापा, म्हणजे बटाटा उभा राहतो. नाकाला टूथपिकवर गाजराचा तुकडा, डोळ्यांना लवंगा. लवंगा मोजून दोनच द्या. दाढीची कल्पना सुचली की डबा रिकामा होतो, आणि लवंगेचा भाव मुलांना ठाऊक नसतो.

यानंतर घरातला शास्त्रज्ञ जागा होतो. जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची जाड तार, दोन्ही एकाच बटाट्यात, पण एकमेकांना न टेकता खुपसली की साधारण 0.9 व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला, म्हणजे दोन पायांच्या चिमुकल्या दिव्याला, दोनच्या आसपास लागतात, म्हणून तीन बटाटे घ्या आणि एकाचा खिळा दुसऱ्याच्या तारेला जोडत जा. एलईडीचा लांब पाय मोकळ्या राहिलेल्या तांब्याकडे. उलटा लावला तर ढिम्म पेटत नाही. बरोबर लावला तरी उजेड बघायला खोलीत अंधार करावा लागतो, कारण विद्युतप्रवाह अगदीच चिमूटभर. बल्ब पेटवायचा नाद सोडा. वीज बटाट्यातून नव्हे, विरघळणाऱ्या जस्तातून येते, त्यामुळे हे बटाटे थेट कचऱ्यात.

भूक लागते ती याच सुमारास. स्मायलीसाठी, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याच्या तळलेल्या टिक्क्यांसाठी, अर्धा किलो बटाटे सालासकट, भांड्यात पाणी न घालता कुकरला लावा. साल फुटून बटाटा पाणी प्यायला तर पुढे तेलात स्मायली फुटतात. सोलून, वाफ पूर्ण जाऊ देऊन किसा. मिक्सर अजिबात नको, स्टार्च सुटून त्याची खळ होते. तीन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, अर्धी वाटी ब्रेडचा चुरा, मीठ, मिरपूड घालून गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. हा अर्धा तास मुलांना पटत नाही, पण ऐकू नका. तेल लावलेल्या दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटून वाटीनं गोल पाडा. डोळे स्ट्रॉनं आरपार पाडायचे, नाहीतर तळताना बुजतात. तोंड चमच्याच्या कडेनं दाबून. तेल चांगलं तापलेलं हवं, आणि एका वेळी चार-पाचच. जास्त घातले की तेल निवतं, स्मायली तेल पितात आणि झाऱ्यावर येताना मोडतात.

चमचा उलटा दाबला गेला की एखादा रडका निघतो. ताटातून सगळ्यात आधी पळवला जातो तोच, कारण मुलांच्या मते तो हुबेहूब बाबांसारखा दिसतो.