फवारा आहे, स्फोट नव्हे

तरुण ताऱ्यांतून निघणाऱ्या झोतांवरचा तुमचा लेख आवडला, पण 'तरुण ताऱ्याचा स्फोट होऊन वायू बाहेर पडतो' हे वाक्य खटकलं. स्फोट नाही हो! ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीतला वायू ताऱ्यावर पडत असतो, त्यातला थोडा दोन्ही ध्रुवांकडून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. त्याबरोबर तबकडीची फिरकीही, म्हणजे वायूला गोल फिरत ठेवणारा जोर, निघून जाते, म्हणून तर उरलेला वायू आत पडू शकतो. हा झोत आसपासच्या वायूवर आदळून जिथे चमकतो, त्या ठिकाणांना हर्बिग-हारो वस्तू म्हणतात. धुळीआडचं पाहायला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणारी दुर्बीण उपयोगी पडते.

आम्ही सातारकर थंडीत कासच्या रस्त्याला गाडी लावून असे तारे जिथे जन्मतात तो मृग नक्षत्रातला तेजोमेघ बघतो, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा. आमच्या छोट्या दुर्बिणीतून नुसता राखाडी डाग, झोतबीत काही नाही. बायको म्हणते, "याच्यासाठी एवढं कुडकुडायचं?"