रांगेच्या फोटोचा अभिमान कसला बाळगताय?

सकाळी सकाळी डोकं फिरलं. तालमीच्या ग्रुपवर कुणीतरी आमच्या कोल्हापुरातल्या जरगनगरच्या शाळेबाहेरच्या पालकांच्या रांगेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'महापालिकेची मराठी शाळा! नाद करायचा न्हाई!' त्यावर अंगठे, बदाम, झेंडे. गुढीपाडव्याला होणाऱ्या प्रवेशासाठी लोक आदल्या रात्रीपासून नंबर लावतात, हे खरंच आहे. त्या शाळेला आणि तिथल्या शिक्षकांना माझा मुजरा. पण भावांनो, रांग कधी लागते? माल कमी असला की लागते. रॉकेलला लागायची तशी.

हे एवढं तोडून लिहितोय कारण त्याच वेळी उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपमध्ये आमचा टर्नर माझ्यासमोर उभा होता. लेथवर हात असा की मापाला नजर पुरते. बहिणीच्या लग्नाला या माणसानं माझ्याकडं पैसे मागितले नव्हते. आज म्हणाला, "दादा, थोडी उचल मिळंल काय? पोरगीची पहिलीची फी हाय."

पहिलीची!

मी म्हटलं, अरे, तुझ्या घराजवळ महापालिकेची शाळा आहे की. तर म्हणाला, "हाय. जाऊन बघून आलो. पहिली-दुसरी एकाच खोलीत, बाई एकच. बाई चांगल्या हायत ओ, पण त्या तरी किती करणार?"

आता हे असं का होतं बघा. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला शिक्षक मिळतात ते पटावर. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. इयत्ता चार असोत नाहीतर पाच, दोनच. म्हणजे पट घसरला की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की दोन वर्ग एकत्र, ते बघून आमच्या टर्नरसारखा बाप दारातनंच माघारी फिरतो आणि पट अजून घसरतो. मग साहेब लोक कागद पुढं करतात, 'पालकांनाच मराठी शाळा नको आहेत.' नको असत्या तर पाडव्याला रात्र जागून काढली असती काय लोकांनी?

त्यातनं उरलेल्या शिक्षकाला मतदार यादी, सर्वेक्षण, रोज उठून ऑनलाइन माहिती भरायची. काही शिक्षक कामचुकार असतात, मान्य. ते कुठल्या खात्यात नसतात?

आणि हो, माझी पोरं खासगीत आहेत. कुणी कॉमेंटमध्ये विचारायच्या आधी सांगतो. मला परवडतं म्हणून आहेत. टर्नरला परवडत नाही, सगळं भांडण तेवढ्याचंच आहे. आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखून ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांत बसवावं म्हटलं तर खुल्या गटाला वर्षाच्या एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याचा पगार त्याच्या वर. गरीब म्हणायला जास्त आणि फी भरायला कमी, अशी ही माणसं. बरं, ते २५ टक्के तरी सुखानं कुठं राहू दिले? एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगीला सूट, असा नियम २०२४ साली सरकारनं काढला होता. उच्च न्यायालयानं तो रद्द केला म्हणून बरं. किलोमीटर मोजायला येतात यांना. त्या किलोमीटरातली शाळा आतनं कशी आहे, ते कोण मोजणार?

१९१७ साली शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. आज त्याच कोल्हापुरात पोर शाळेत धाडायचं म्हणून बाप महिन्याच्या महिन्याला पगारातनं कापून घेतोय. २६ जूनला शाहू जयंतीला दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला सगळे पुढं असतात. राग येतो राव.

जरा थंड डोक्यानं लिहितो. फार काही मागत नाही. पटाचा हिशेब बाजूला ठेवून वर्गाला एक शिक्षक द्या. शाळेला बालवाडी जोडा, कारण तीन वर्षांचं पोर नर्सरीत गेलं की सहाव्या वर्षी ते परत येत नसतंय. इंग्रजी नीट शिकवा, पालकांना ती पाहिजेच आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पोरींच्या संडासात पाणी ठेवा. जरगनगरला जे जमतं ते सगळं आणखी दहा ठिकाणी जमवून दाखवा, मग बघू रांग कुठं लागते. पैसा लागेल, ठाऊक आहे. चौक सुशोभीकरणाला कुठनं येतो?

उचल दिली मी. पण त्याला म्हटलंय, आठ दिवस थांब, फी भरू नकोस. तेव्हा तुमच्या भागात महापालिकेची एखादी शाळा खरोखर चांगली चालत असेल, तर खाली नाव लिहा. राजारामपुरी, फुलेवाडी, कसबा बावडा, कुठलीही चालेल, सोडायला जायची सोय मी बघतो. ऐकीव नको, ज्यांची पोरं तिथं शिकतात त्यांनीच लिहा. आणि इंग्लिश मीडियमच्या जाहिराती टाकू नका, डिलीट करणार.