ब्लीचचा लाल थेंब आणि तुमचे दोन आक्षेप

नमस्कार. कवचासारख्या लायकेनवरच्या (लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढणारी जोडी) माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: ब्लीचचा थेंब लाल झाला म्हणून थेट 'गायरोफोरिक आम्ल' (लायकेनमधलं एक आम्ल) म्हणणं हा अंदाजपंचे कारभार आहे; आणि अन्न शैवाल तयार करतं, तर लायकेनमधल्या अशा आम्लांचं श्रेय बुरशीला कशाला?

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. गायरोफोरिक आम्लात ऑर्सेलिनिक आम्लाची तीन कडी जोडलेली असतात, लेकॅनोरिकमध्ये दोन. ब्लीच ती कडी मोजत बसत नाही. कड्यावरचे दोन हायड्रॉक्सिल गट मेटा स्थानी (म्हणजे मधली एक जागा सोडून) मोकळे असले की रंग लाल, मग रेणू यातला कुठलाही असो. म्हणजे थेंबाने रेणूची ठेवण कळते, नाव नाही. नावासाठी अॅसिटोनमध्ये अर्क काढून पातळ थराची क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून ओळखण्याची पद्धत) करावी लागते. लेखातलं ते वाक्य आता बदललं आहे.

पण म्हणून थेंब टाकाऊ ठरत नाही. लायकेनतज्ज्ञ नायलँडरने 1866 मध्ये ही चाचणी मांडली, ती आजही चालते. आपण ती कुठे करतो, यावर सगळं अवलंबून. या लायकेनला खालची साल नसते. ते दगडाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की खरवडलं तर दगडाचे कणही सोबत येतात. मी आधी पात्याने वरचा थर अलगद तासतो आणि आतल्या पांढऱ्या भागावर थेंब ठेवतो. सालीत अॅट्रॅनोरिन हे एक द्रव्य आणि आत भलतंच काही, असं नेहमी होतं. (ब्लीच ताजं हवं. जुन्या बाटलीने मला एकदा आठवडाभर 'नकारार्थी' निकाल दिले.) नॉरस्टिक्टिक आम्ल असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काप आधी पिवळा, मग रक्तासारखा लाल होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल सुयांचे झुबके उगवताना दिसतात. ते पाहिल्यावर 'अंदाजपंचे' म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरा आक्षेप मात्र पटला नाही. शैवाल साखर पुरवतं, खरं. हिरव्या शैवालाकडून ती रिबिटॉल या शर्करा-अल्कोहोलच्या रूपात बुरशीला मिळते. पण तो कच्चा माल झाला. पुढचे रेणू बुरशी घडवते आणि स्फटिकरूपात आपल्या तंतूंच्या बाहेर साठवते. ट्रेबूक्सिया हे शैवाल कितीतरी लायकेनमध्ये भागीदार आहे, तरी त्यांची रसायनं वेगवेगळी. शिवाय शैवालाविना वाढवलेल्या काही बुरश्यांनी ही द्रव्यं प्रयोगशाळेत तयार केली आहेत.