‘रडणारे लोक खुर्च्यांवर का नव्हते?’ या प्रश्नाच्या निमित्ताने

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीच्या निमित्ताने मी जो लेख लिहिला, त्यावरील आपली परखड प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की प्रेक्षक जोडण्याची सगळी जबाबदारी मी नाट्यसंस्थांवर ढकलली आहे. कोल्हापूरकर तांबड्या-पांढऱ्यावर सहज खर्च करतो आणि नाटकाचे तिकीट मात्र त्याला महाग वाटते. नाट्यगृह जळाले तेव्हा हळहळणारे लोक आदल्या वर्षी खुर्च्यांवर दिसत नव्हते. आणि मालिकांमधला ओळखीचा चेहरा असल्याशिवाय इथे गर्दी होणारच नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण तो खरा आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत सापडले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली आणि १९१५ मध्ये खुली झालेली ती वास्तू जळताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले, त्यांतल्या अनेकांनी तिथे कित्येक वर्षांत नाटक पाहिलेले नव्हते. मात्र यावरून त्यांची रसिकता आटली असा जो निष्कर्ष आपण काढता, तो मला मान्य नाही. ज्या वास्तूशी नातेच उरलेले नाही, तिच्यासाठी माणूस मध्यरात्री रस्त्यावर येऊन उभा राहत नाही. नाते होते; त्या नात्याला हाक घालणारे कोणी नव्हते.

ओळखीच्या चेहऱ्याविषयी आपण लिहिता, तेव्हा मला राजर्षी शाहू स्टेडियम आठवते. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असला, की भर उन्हात स्टेडियम भरते. बाहेरून आणलेले काही खेळाडू असतात हे खरे. पण गर्दी त्यांच्यासाठी जमत नाही, ती आपल्या पेठेसाठी आणि आपल्या तालमीसाठी जमते. बचावफळीतला मुलगा कोणाचा, तो गेल्या हंगामात का बसला होता, हे गॅलरीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ओळखीचा चेहरा लागतो हे आपले म्हणणे म्हणूनच बरोबर आहे; तो मालिकेतलाच असला पाहिजे, एवढेच मला पटत नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव ‘संयुक्त मानापमान’साठी, म्हणजे दोघांच्या नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’च्या प्रयोगासाठी, एका रंगमंचावर आले, त्या प्रयोगामागेही प्रेक्षकांनी आधीपासून वाटून घेतलेली निष्ठा होती. कोणी गंधर्वांचे होते, कोणी केशवरावांचे, आणि कोणाचे गाणे सरस यावर ते तावातावाने भांडत असत. असे भांडणारा प्रेक्षक मिळणे हे नाटकाचे भाग्य असते.

तिकिटाच्या दराबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईचा प्रयोग कोल्हापुरात आणायचा, तर बस, नेपथ्याचा टेम्पो, कलाकार-तंत्रज्ञांचा मुक्काम आणि जेवण हे सगळे त्याच तिकिटातून निघावे लागते. हौशी संघांना हा बोजा नसतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर आपलेच संघ दरवर्षी नवी नाटके उभी करतात, महिनोन्महिने तालमी करतात, आणि एका प्रयोगानंतर नेपथ्य कोणाच्या तरी माळ्यावर जाते. त्या नाटकांचे पुढचे प्रयोग शिवाजी पेठेत, कसबा बावड्यात, गडहिंग्लजला का होऊ नयेत?

या स्पर्धेच्या एका प्रयोगाला माझ्या शेजारी उद्यमनगरातील एका कारखान्यात काम करणारे गृहस्थ बसले होते. पाळी सुटल्यावर थेट आले होते. नखांत लोखंडाची काळी कीट तशीच होती. नाटकात त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा मित्र बापाचे काम करीत होता. मित्र रंगमंचावर आला, तसे हे खुर्चीत पुढे सरकले आणि पुढचा तासभर पाठ टेकली नाही. सातचा प्रयोग पावणेआठला सुरू झाला होता. दुसरा अंक निम्मा झाला असताना त्यांनी घड्याळ पाहिले, मग पुन्हा पाहिले, आणि गावाकडची शेवटची गाडी चुकू नये म्हणून ते वाकून, कोणाच्या आड न येण्याची काळजी घेत बाहेर पडले. रसिकता नसलेला माणूस असा बाहेर पडत नाही. त्या रात्री संयोजकांनी तिसरी घंटा वेळेवर दिली असती, तर ते शेवटपर्यंत थांबले असते.

जबाबदारी संस्थांची आहे असे मी लिहिले, ते अशा पंचेचाळीस मिनिटांविषयी. पूर्वी तिकीट खिडकीवर खुर्च्यांचा प्लॅन घेऊन बसणाऱ्या माणसाला कोणत्या काकूंना कडेची खुर्ची लागते, कोण संगीत नाटक सोडत नाही, हे पाठ असे. ऑनलाइन तिकिटाला माझा विरोध नाही, तथापि तसे तिकीट काढणाऱ्यांच्या यादीतल्या माणसाला पुढच्या प्रयोगाचा निरोप जातो का, हे पाहणारे कोणीतरी हवे. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, वृद्धांना पायऱ्यांवर हात देणारा स्वयंसेवक, रविवारी दुपारचा एक प्रयोग, शाळकरी मुलांना तालीम पाहू देणे. यांतल्या कशालाही मोठे नाव लागत नाही.

आपण एका हौशी नाटकाचा उल्लेख करून ‘पुन्हा जाणार नाही’ असे लिहिले आहे. तो प्रयोग मीही पाहिला. संवाद मागे ऐकू येत नव्हते, ही आपली तक्रार रास्त आहे, आणि ती मी त्या संघापर्यंत पोहोचवली आहे. त्यांचा पुढचा प्रयोग ठरला, की तारीख आपल्याला याच ठिकाणी कळवीन. आपण यावे आणि मागच्याच रांगेत बसावे, अशी माझी विनंती आहे.